हळदीत काढलेली ओवी

लग्नघरी अक्काला गाण्यासाठी बोलवायचे आणि मला उरलेल्या सगळ्यासाठी.

लग्नघरात उरलेलं पुष्कळ असतं. रुखवतात मांडायची कागदाची फुलं, मण्यांचं तोरण, दारातली रांगोळी, नवरीच्या हातावरची मेंदी, खिरीसाठी वळायचे कणकेचे गव्हले आणि नखुले, लाजऱ्या पोरींना उखाणे जुळवून देणं. मला हे सगळं थोडं थोडं यायचं. लहानपणी दुधनीकडच्या आमच्या गावात दिवाळीला आई अंगणात शेणाच्या गवळणी मांडायची. मी तिच्या शेजारी बसून गवळणींच्या डोक्यावर घागरी बसवायचे, मग त्यांना जातं करून द्यायचे, मग जात्याशेजारी झोपलेलं कुत्रं. आई म्हणायची, "गवळणी ऱ्हायल्या की बाजूला, ह्ये कुत्रं कशाला?" तेव्हापासून माझं असंच. एक करता करता दुसरं दिसतं आणि हात तिकडं जातो. रांगोळीचा कंटाळा आला की मणी, मणी संपले की कागद. अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात मी दशांना गाठी मारते. तिथंसुद्धा खाली पडलेल्या रंगीत सुताच्या बाहुल्या कराव्याशा वाटतात.

अक्काचं तसं नव्हतं. ती माझी थोरली बहीण. तिला फक्त गाता यायचं. रांगोळी काढायला बसवली तर ठिपके वाकडे. मेंदीचा कोन तिच्या हातात फुटायचा. पण हळदीला तिनं पहिला शब्द उचलला की चुलीपाशी बसलेल्या बायका कणकेचे हात घेऊनच बाहेर यायच्या. ती पुढं म्हणायची, बाकीच्या मागं. मीही मागंच. पुढं म्हणायला मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर पाणी आणते म्हणून मी उठून गेले असते.

"बारके, एक धर की," अक्का मला म्हणायची. "धा हिरी खांदल्यास, पानी एकीला न्हाय."

"तुज्या हिरीचं पितीया की मी."

"आन मी मेल्यावर?"

"तवाचं तवा."

दाजी गेले तेव्हा अक्काचा मुलगा अजून शाळेत होता. आमच्यात नवरा गेलेल्या बाईनं नवरीला हळद लावायची नसते. हळदीच्या वाटीलाही हात लावायचा नसतो. म्हणून पुष्कळ जणी हळदीला जातच नाहीत, मागच्या खोलीत भांडी घासत बसतात. अक्काला मात्र बोलावणं यायचं, कारण तिच्याशिवाय गाणं होत नव्हतं. ते बोलावणं विड्याचं असतं. लग्नघरची बाई दारात येऊन पानसुपारीचा विडा पुढं करते. विडा घेतला की गाणारी बांधली गेली. मग आजारी असो, घरात काही असो, जायचं. घेतलेला विडा परत केला तर नवरीला वाईट असतं म्हणतात. इतर बायकांना आमंत्रणाला हळदकुंकू लावायचे, अक्काला नुसता विडा. ती मांडवात खांबाला टेकून बसायची, हळदीपासून लांब, आणि तिथून सगळ्या बायकांना हलवायची. तिला मांडवात बसायला जागा होती ती गाण्याची. दुसरी कसलीच नव्हती. मला हे फार उशिरा कळलं. तिला पहिल्यापासून माहीत असणार.

तिचा आवाज बसला तेव्हा आम्ही लग्नसराईवर ढकललं. चार लग्नं लागोपाठ झाली होती. मधातून सुंठ दिली, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. आवाज काही उठेना. मिश्री ती लहानपणापासून लावायची, तिची बोटंसुद्धा काळी पडली होती. मग गिळताना दुखायला लागलं आणि तिच्या मुलानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं, कुठून कापायचं, श्वास कुठून घ्यायचा. अक्का ते चित्र बघत नव्हती. तिनं त्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "सायेब, अर्दा ठिवता येतो का?"

"काय अर्धा, आजी?"

"आवाज."

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. अक्कानं पुढं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. आपरेशनच्या कागदावर उठवायला अंगठा पुढं करून बसली होती.

आपरेशननंतर गळ्याच्या खाली भोक राहिलं. त्यातूनच श्वास. त्यावर ती पातळ फडक्याचा तुकडा बांधायची आणि वरून पदर घ्यायची. तीही आधी कारखान्यात येत होती, ते बंद झालं, कारण तिथली सुताची धूळ त्या भोकात गेली असती. सून आणि मुलगा कामाला जायचे. अक्का घरी एकटी. हाक मारायला तिच्याजवळ एक ताटली आणि चमचा ठेवला होता. ती ताटली वाजवायची नाही. कोंबडी घरात शिरली तरी वाजवायची नाही.

कुंभारीच्या आमच्या वसाहतीत तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. काम सुटलं की मी आधी तिच्याकडं जायचे. ती भिंतीकडं तोंड करून, हात उशीखाली घालून पडलेली असायची. जेवण पातळ करून द्यावं लागायचं, तेही अर्धं तसंच राहायचं. सून म्हणायची, "मावशी, तुमीच सांगा. मी सांगितलं की डोळं मिटून घेत्यात."

मी काय सांगणार? मला बोलता येत नाही, मला वस्तू आणता येतात. मी मणी नेले. एक पदर ओवून दाखवला, सुई तिच्या हातात दिली. तिनं सुई उशीत खोचून ठेवली. क्रेप कागद नेला, फूल करून दाखवलं. तिनं ते पायथ्याशी ठेवलं आणि रात्रीतून ते चुरगळलं. एकदा कणीक भिजवून नेली. म्हटलं, गव्हले तरी वळ, नुसत्या बोटांचं काम, डोळे मिटून होतं. मी पुष्कळ वळून ताटात वाळत घातले. तिनं उठून ते सगळे मुठीत गोळा केले, दाबून त्यांचा गोळा केला आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. मग माझ्याकडं बघत राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं. तुझं तुझ्याकडं ठेव, असं.

घरी येऊन मी त्या कणकेची चपाती लाटली, ती तव्यावर चिरफळली. मनात आलं, हिनं जन्मभर मला एक धर म्हणून सांगितलं. एक धरलेल्याचं असं होत असेल तर काय उपयोग? आणि दहा धरलेलीला बहिणीला एक घास भरवता येत नाही, त्याचा तरी काय?

मग विडा आला.

वसाहतीच्या पलीकडच्या टोकाला एक घर आहे, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलीची आई बरेच दिवस माहेरी कर्नाटकात होती, तिला अक्काच्या गळ्याचं काही माहीत नव्हतं. दुपारी ती दारात आली. अक्का त्या दिवशी बसलेली होती, पदर मानेभोवती घट्ट. मी खाली कागद कापत होते.

"अक्का, पोरीची हळद हाय. तुमीच पायजे. आमच्या भनीच्या लग्नाला तुमी म्हनला हुता, अजून नाव काडत्यात," असं म्हणत तिनं विडा पुढं केला.

मी तोंड उघडलं, पण परक्या बाईसमोर माझ्या तोंडातून शब्द यायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात अक्काचा हात पुढं गेला. जन्माची सवय. दोन्ही हात, वरून पदर. विडा घेतला, कपाळाला लावला. बाई खूश होऊन घाईनं गेली, तिला अजून चार घरं करायची होती.

अक्का हातातल्या विड्याकडं बघत बसली. मी म्हटलं, "मी जाऊन सांगून येते."

तिनं मान आडवी हलवली. विडा परत जात नाही. मग तिनं बोट उचललं आणि ते माझ्या गळ्यावर ठेवलं.

मला सगळी गाणी येत होती आणि एकही येत नव्हतं. मागं म्हणणारीला शेवटचे शब्द धरता येतात, पुढची ओवी कुठली ते तिला ठाऊक नसतं. ते पुढं म्हणणारीच्या डोक्यात असतं. तेव्हापासून काम सुटल्यावर आमचं शिकणं सुरू झालं. ती ओठ हलवायची, मला काही उमजायचं नाही.

"मामा?"

मान आडवी.

"काका? दीर? मेव्हना?"

तिनं कपाळावर हात मारला, ताटली घेतली आणि चमच्यानं अशी बडवली की शेजारीण बघायला आली. "काय झालं गं?"

"काय न्हाय. गानं शिकवायलीया."

"शिकवायलीया का मारायलीया?"

अक्का हसली. आवाज नाही, नुसता गळ्यातून वारा. पण हसली. त्या दिवशी तिनं वाटीभर पेज पूर्ण प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी रांगोळी घेऊन गेले. म्हटलं, मी चित्रं काढते, तू मान हलव. फरशीवर भिंतीकडेनं मी काढत गेले. वाटी काढली, मान हलली. म्हणजे पहिली ओवी हळदीच्या वाटीची.

हळदीच्या वाटीत कुनी सांडलं ऊन
नवरी माझी बाई बसली पाटावर लाजून

मग काय? पाट? नाही. तुळस? नाही. गाडी? हो. गाडीत माणूस? नाही. पोती? हो.

मामाच्या गावाहून आली जोंधळ्याची गाडी
पोपटानं धरली बाई नवरीची साडी

पोपटापाशी ती अडली. माझा पोपट तिला पटेना. तिनं पायाच्या अंगठ्यानं त्याची चोच पुसली. मी पुन्हा काढली, तिनं पुन्हा पुसली. शेवटी ती खाली बसली, चिमटीत रांगोळी घेतली आणि जाड, वाकडी चोच काढली. त्या चोचीत एक ठिपका ठेवला. पोपटानं साडी पायानं धरली होती, चोचीत जोंधळ्याचा दाणा होता, ती रिकामी नव्हती. मी जन्मभर ती ओवी मागं म्हणत आले होते, पोपटाच्या तोंडात दाणा आहे हे मला माहीत नव्हतं. शब्दांत ते कुठंच नाही. ते तिलाच दिसत होतं.

त्यानंतर ती रोज काढायला लागली. तिची चित्रं वाईट होती. बैलाला पाच पाय असल्यासारखे दिसायचे. पण बोटं आता उशीखाली राहत नव्हती. पेज बरोबर जाऊ लागली. संध्याकाळी सून आली की म्हणायची, "सगळ्या घरात पांढरंच पांढरं," आणि झाडून काढायची. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वाटीपासून सुरू. त्यामुळं मला सगळं पाठ झालं. फक्त शेवटची ओवी तिनं काढली नाही. ती काढायची नसतेच. शेवटची ओवी त्या त्या नवरीची असते, पुढं म्हणणारी ती मांडवात तिच्याकडं बघून जुळवते. मी विचारलं, "ती कशी करायची मग?" तिनं हात हलवला. बघू.

हळदीच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मांडवात अक्का तिच्या खांबापाशी बसली, मी तिच्या अलीकडं. मुलीच्या आईला तोवर अक्काच्या गळ्याचं कळलं होतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मग ही म्हननार व्हय? हिला तर बोलताबी येत न्हाय." बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "ती रांगोळी काडती की, ती न्हवं?"

मी सुरू केलं. आवाज बारीक आला, पण आला. बायकांनी मागं धरलं. वाटी झाली, गाडी झाली, पोपट झाला. मी डोळ्यांसमोर फरशी आणत होते. मग कुणीतरी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि फरशी गेली. पुढचं काहीच दिसेना. बायका थांबल्या. एकजण खोकली. मी अक्काकडं बघितलं.

अक्का खांब सोडून पुढं सरकली. जवळ रांगोळी नव्हती. पाटाशेजारी हळदीची वाटी होती. तिनं त्यात बोटं बुडवली आणि नवरीच्या पायापाशी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, पाळणा काढला. तिच्या पद्धतीचा, वाकडा, दोऱ्या लोंबणारा. एक म्हातारी ओरडली, "पाळना. आगं, पाळन्याची ओवी," आणि तिनंच उचलली. मला सापडलं. सगळ्यांनी धरलं. अक्का काढत गेली, आम्ही म्हणत गेलो. विहीर, मग आरसा. तिचा श्वास गळ्यातल्या फडक्यातून फडफडत होता. मी एवढं मोठ्यानं कधी गायले नव्हते. तिच्या डोळ्यांकडं बघत गात होते, आणि तिथं माझी बहीण होती, पूर्वीची.

मग तिनं नवरीच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. पुन्हा वाटीत बोटं घातली आणि जमिनीवर एक गोल काढला. गोलाच्या मधून एक रेघ बाहेर आली, लांब, तिला शेवटी छोटा फाटा. ही शेवटची ओवी होती. मी ती ओळखायला खाली वाकले.

तेवढ्यात नवरदेवाकडची कुणी बाई म्हणाली, "आगं, ह्यांचं कपाळ मोकळं हाय की. हळदीत हात घातलाय."

नवरीच्या आईनं वाटी उचलली. रागानं नाही, घाबरून उचलली. तिची एकच मुलगी होती. "दुसरी कालवा," ती आत कुणाला तरी म्हणाली, "ही नको आता." एका बाईनं ओलं फडकं आणून जमीन पुसली. पाळणा, विहीर, आरसा, तो गोल. बाहेर पोरांना कुणी सांगितलं कोण जाणे, त्यांनी स्पीकर लावला. कुणी आम्हाला जा म्हटलं नाही. आमच्याकडं कुणी बघत नव्हतं, एवढंच. अक्काची पिवळी बोटं तिच्या मांडीवर तशीच उघडी होती. ती पुसायची की नाही हे तिला कळत नव्हतं. मी माझ्या पदरानं पुसली.

घरी येताना मी विचारलं, "शेवटचं काय हुतं, अक्का?" ती चालत राहिली. घरात मी रांगोळी पुढं ठेवली. तिनं डबा पायानं लांब सारला, जोरात नाही, आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. पुढं मी पुष्कळदा विचारलं. तो गोल मी माझ्या आठवणीनं काढून दाखवला. ती डोळे मिटून घ्यायची. पेज पुन्हा अर्धी, मग चमचाभर. दवाखान्यात म्हणाले, आजार परत आलाय, आता खाली उतरलाय. तसं असेलच. त्यांना मशीनवर दिसलं. उन्हाळा संपायच्या आत अक्का गेली.

तिसऱ्या दिवशी सून मला म्हणाली, "निवांत पडून हुत्या. तुमच्या चित्रांनी उठवलं त्यास्नी." तिला पण सासू गेल्याचं दुःख होतं, ते कुठंतरी टाकायला पाहिजे होतं. आणि ती चुकीचं बोलली का, हे मला अजून ठरवता येत नाही. ते थोडे दिवस अक्का जेवत होती. ते थोडे दिवस नसते, तर मांडवातला तो दिवसही नसता.

मी माझं सगळं करत राहिले. कारखाना आहे, दशा आहेत. कुणाच्या रुखवताला फुलं, कुणाच्या बारशाला तोरण. एखादा दिवस मणी ओवताना अक्का आठवते आणि सुई चालत नाही. मग मी मणी ठेवते आणि मेंदी कालवते. मेंदीही नको झाली तर आता हे लिहिणं. हात कुठंतरी जातात, त्यांच्यामागून मी जाते. अक्काला जायला दुसरं घर नव्हतं. एक मिळालं होतं, उशिरा, तेही पुसून टाकलं.

ते हळदीचं गाणं आता मला पूर्ण येतं, शेवटची ओवी सोडून. मी ते कुठं म्हणत नाही. विडा घेऊन माझ्या दारात कुणी आलेलं नाही, आणि आलं तर माझे हात पुढं जातील असं वाटत नाही.

त्या नवरीला मी मागं एकदा भेटले. माहेरी आली होती, पोटुशी होती. मी धीर करून विचारलं, "तुज्याकडं बघून अक्कानं एक चित्र काडलं हुतं. गोल, आन त्यातनं एक रेघ. कायतरी आठवतं का?" ती म्हणाली, "मावशी, मी खाली बघितलंच न्हाय. सगळी म्हनत हुती, मान वर कर, फोटू काडायचा हाय."

सकाळी दारात रांगोळी काढताना कधीकधी मी तो गोल काढते. बाहेर लांब रेघ, शेवटी फाटा. सूर्य म्हणावा तर एकच किरण, घागर म्हणावी तर मान फार लांब. शेजारीण पाण्याला जाताना थांबते आणि विचारते, "ह्ये काय गं काडलंय?"

"म्हाईत न्हाय," मी म्हणते.

"मग कशाला काडतीस?"

ती थोडा वेळ बघत उभी राहते, घागर कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेते आणि चित्रावर पाय पडू नये म्हणून कडेनं जाते.